वाढीचं वर्ष

ही गोष्ट घडली तेव्हा २०२२ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बायको म्हणते त्र्याहत्तर. तिच्याकडं पुरावा नाही, माझ्याकडंही नाही. पण वय माझं आहे म्हटल्यावर शब्द माझाच चालायचा. शाळा चौथीपर्यंत, तीही फक्त पावसाळ्यातली, कारण मिठागर बंद असायचं तेव्हाच आमच्यातली पोरं वर्गात दिसायची. त्यामुळं इथं काही वेडंवाकडं उतरलं तर वाचणाऱ्यानं सरळ करून वाचावं. लिहिणारा आता सरळ होणार नाही.

परवा वारा फिरला. उरणच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसाला ते कुणी सांगावं लागत नाही. नवरात्र सरतं, उन्हानं टाळू तापते, आणि एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या एकाच कानाला गार लागतं. उत्तरेचा वारा. खाजणातल्या चिखलाचा वासही त्याच दिवशी बदलतो. पावसाळाभर तो कुजल्या पाल्याचा असतो, वारा फिरला की त्यात नव्या पत्र्यासारखा करकरीत खारटपणा शिरतो. त्या वासानं माझ्या तळव्यांना अजून खाज सुटते. पायांना वाटतं, आपल्याला बोलावलं.

आमच्या बऱ्याच मिठागरांवर आता कंटेनरचे डोंगर उभे आहेत, लाल, निळे, गंजके. माझा मुलगा महेश त्यातलेच कंटेनर ट्रेलरवर घालून नेतो आणि घर चालवतो, तेव्हा मी त्यांना नावं ठेवत नाही. गावाच्या कडेला एक आगर उरलंय. त्याची तुडवणी अजून पायांनी होते. पावसाचं पाणी काढून टाकलं की वाफ्याचा तळ लोण्यासारखा असतो. तो तुडवून तुडवून तव्यासारखा घट्ट करायचा, नाहीतर मिठात माती येते. खांद्यावर हात टाकून रांग करायची, कुणीतरी गाणं उचलायचं आणि ठेक्यात पाय टाकत सरकायचं. चिखल पायाला गार लागतो, मग कोमट, मग पाय कुठं संपला आणि चिखल कुठं सुरू झाला ते कळत नाही. एवढं सुख मला देवळात मिळालेलं नाही, आणि मी देवळात कमी गेलेलो नाही.

पण हल्ली वारा फिरला की तुडवणीच्या आधी मला माझी नात आठवते. रिद्धी. त्या वर्षी ती बारा वर्षांची होती आणि तिनं आमच्या घरात बॅले आणला.

उरणात हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल आहे. तिथं नाझनीन टीचर हा नाच शिकवायच्या. त्या इथल्याच किनाऱ्यावरच्या मुसलमान घरातल्या. वडील कुवेतला नोकरीला, म्हणून लहानपण तिकडं गेलं, तिकडच्या शाळेत बॅले शिकल्या, आणि लग्न होऊन उरणला आल्या त्या नाच बरोबर घेऊनच. रिद्धी पहिल्या दिवशी शिकून आली आणि ओट्यावर उभी राहून आम्हाला दाखवू लागली. टाचा जुळवल्या, चवडे दोन दिशांना फाकवले आणि हात असे धरले जसं काही पोटाशी कलिंगड आहे.

बायको कोलंबी सोलत होती. ती थांबली. "अगो, ही नाचाची रीत हाय? खेकडा पन यापेक्षा बरा उभा ऱ्हातो."

"आजी, ही फर्स्ट पोझिशन आहे."

"पयली अशी असंल तर दुसरी दाखवू नको बाय."

मला हसू आलं, पण नजर पायांवर गेली. चवडा फाकवून पाय टाकणं आमच्या तुडवणीत गुन्हाच. चवडा बाहेर गेला की गुडघा आत वळतो आणि एवढा मोठा माणूस चिखलात बसतो. मी तसं म्हणालो. रिद्धी म्हणाली, "आजा, यार, हे तुझं मिठागर नाहीये." बरोबर होतं. मी विषय सोडला. मी विषय सोडतो तेव्हा तो खिशात ठेवतो, एवढंच.

वर्गात तिची एक मैत्रीण होती, अनन्या. बंदरातल्या कुठल्याशा साहेबाची मुलगी. शेवग्याची शेंग. पाय उचलला की कानाला लागायचा, कोपर उलटीकडं वाकायचं, आणि चवडे असे सहज फाकायचे जसं दार उघडतंय. तिला बघायला आलेल्या आया म्हणायच्या, हिला देवानं अंगच नाचाचं दिलंय. असं कुणी म्हटलं की शेजारी उभ्या असलेल्या पोरीला, न विचारता, आपल्याला काय दिलंय त्याचा निकाल लागतो. आमची रिद्धी आमच्या घराण्याच्या साच्यातली. रुंद पाऊल, आखूड मान, पोटऱ्या घडवलेल्या दगडासारख्या. मला ती तशी बघून छाती फुगल्यासारखं व्हायचं. तिला आरशात तसं होत नसावं. ती भाकरी अर्धी मोडून परत टोपलीत ठेवायला लागली.

"सुकटीची चटणी हाय आनि पोर भाकरी परत ठेवते," बायको म्हणाली. "नजर लागली कुनाची तरी."

"नजर नाय. ती बारीक होतेय."

"कंच्या आनंदानं?"

आमच्या लहानपणी बारीक माणसाची कीव करत. आमचा मुकादम तुडवणीची रांग लावायचा ती अंगं बघून. उंच, सैल सांध्यांची माणसं तो मधे घ्यायचा, दोन्ही बाजूंनी आधार मिळावा म्हणून. त्यांचा घोटा कधी फिरेल याचा भरवसा नसे. माझ्यासारखे ठेंगणे, घट्ट बांध्याचे कडेला, बांधालगत, जिथं चिखल पाय ओढून धरतो. आमचा घोटा फिरत नाही. आमचा गुडघा जातो, आणि तो आधी सांगतही नाही. म्हणजे कुठलंच अंग चांगलं नाही आणि कुठलंच वाईट नाही. कोण कुठून मोडणार हे माहीत असलं की रांग चालते.

आणि ज्या पोराचं अंग त्या पावसाळ्यात उसवलं, म्हणजे शाळा सुरू होताना घोट्याला लागणारी विजार दसऱ्याला वर चढली, त्याला मुकादम रांगेतच घेत नसे. "वाढीचं वर्ष हाय याचं," म्हणायचा. "हाडं पुढं पळाली, शिरा मागं ऱ्हायल्या." त्या पोराला खाडीचं पाणी आत घेतात त्या दारावर बसवायचा, उघाडीवर. फळी वर कर, फळी खाली कर. मलाही एका वर्षी बसवलं होतं. सगळं गाव गाण्यात आणि मी फळीपाशी. मी मुकादमाशी बोलणं टाकलं. तो वारला तरी ते मी अजून परत सुरू केलेलं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या वर्षी रिद्धीची विजार घोट्याच्या वर चढलेली मी रोज बघत होतो आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. वाटायचं, नाच तो. त्यात कुठं चिखल आहे?

नाताळच्या सुट्टीत त्यांचा कार्यक्रम होता. टीचर पुढच्या रांगेत कुणाला उभं करणार ते अजून ठरायचं होतं, आणि रिद्धीला पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं. दुसरं तिला काही नको होतं. दिवाळीचे कपडे नकोत, फटाके नकोत. खिडकीचे गज धरून ती तासन् तास उभी राहायची. अनन्याइतके चवडे फाकत नव्हते, तर तिनं स्वतःच एक युक्ती काढली. गुडघे वाकवायचे, वाकलेल्या गुडघ्यात पावलं हवी तेवढी बाहेर वळवायची, ती फरशीला चिकटवायची आणि मग गुडघे ताठ करायचे. पावलं बाहेर राहायची. गुडघा बिचारा मधल्या मधे पिळवटून निघायचा, ओलं लुगडं दोघींनी पिळावं तसा. मला त्या वेळी ती मेहनतच वाटली. आमचं रक्त, म्हटलं.

एका संध्याकाळी ती माझ्या शेजारी येऊन बसली. "आजा, तू गुडघ्याला काय लावतोस?"

"शेक. मिठाचा."

"मला पण लाव ना."

चुलीवर तवा ठेवला, त्यावर जाडं मीठ टाकलं. मीठ तापलं की तडतडतं, मग गप्प होतं. गप्प झालं की जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचं. पुरचुंडी तिच्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला लावली तशी तिनं डोळे मिटले. गरम मिठाला एक वास असतो, पाऊस नसताना पाऊस आल्यासारखा. "कसं वाटतं?" तर म्हणे, "स्वर्ग." मग एकदम उठून बसली. "आईला सांगायचं नाही. पप्पांना पण नाही. आजीला तर बिलकूल नाही. शप्पथ घे."

आमच्यात शपथ मिठाची. तळहातावर चिमूट घ्यायची, मूठ मिटायची, शब्द द्यायचा आणि ती जिभेवर टाकायची. एकदा पोटात गेलेलं मीठ परत काढता येत नाही. मी घेतली. रोज संध्याकाळी आमचं दवाखान्याचं काम सुरू झालं. ती मला वर्गातल्या गमती सांगायची, टीचर "शाब्बास" कशा म्हणतात ते करून दाखवायची, मी तिला तुडवणीची गाणी म्हणून दाखवायचो, त्यातल्या वाईट ओळी गाळून. ते दिवस मला फार आवडले. बायको बाहेरून विचारायची, "काय चाललंय तुमचं दोघांचं?" आम्ही दोघं एकदम "काय नाय" म्हणायचो.

मग एका सकाळी मी दाढीचा साबण तोंडाला लावून उभा असताना रिद्धी वरच्या खोलीतून खाली आली. उलटी. कठड्याला धरून, शिडीवरून उतरतात तशी, एकेक पायरी चाचपत. मिठागरात हयात गेलेली सगळी म्हातारी माणसं जिना तशीच उतरतात. मीही तसाच उतरतो. पण बारा वर्षांच्या पोरीला मी तसं उतरताना पाहिलेलं नव्हतं. साबण तोंडावरच वाळला.

आता शपथ खाल्लेली. आणि गावात माझं एक नाव आहे: ह्याचा शब्द म्हणजे बांध, फुटणार नाही. भिंतीवर लावायला माझ्याकडं दुसरं काही नाही, तेव्हा मी ते नाव जपतो. दिवसभर डोक्यात घोळवलं. आई, पप्पा, आजी. शपथेत माणसं तीनच होती. टीचरचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रिद्धीबरोबर रिक्षानं उरणला गेलो. हॉलमध्ये एका भिंतीला आख्खे आरसे. इतके मी मला एकदम कधी दिसले नव्हते, बघवेना. नाझनीन टीचरनी खुर्ची दिली. बाई ठेंगण्या नाहीत, उंच नाहीत, हात मात्र लांब आणि हलके, वाऱ्यावर वाळत घातल्यासारखे. डाव्या पायानं किंचित जपून चालत होत्या.

"बोला चाचा."

मी भांडायलाच आलो होतो. "तुमी पोरींचे पाय कशाला फाकवता? देवानं चवडे पुढं दिल्यात."

मला वाटलं रागावतील. त्या हसल्या. "तेच तर सांगून मी थकले. चवडे फाकवायचेच नाहीत. मांडी खुब्यातून वळते, पाऊल तिच्या मागून येतं." त्यांनी रिद्धीला सतरंजीवर पालथं झोपवलं, गुडघ्यात पाय वाकवला आणि हलके वळवून बघितला. "हिचा खुबा इथवर वळतो. बस. हे हाड आहे, चाचा. अल्लानं दिलं तेवढंच. अनन्याचं बघा." अनन्याचा पाय वळतच गेला, वळतच गेला, मीच म्हणालो, पुरे. "सगळे म्हणतात काय अंग आहे! मला हिचीच जास्त काळजी. हिचे सांधे कुठं थांबायचं ते सांगतच नाहीत. मीही अशीच होते. कुवेतला मला सगळ्यांच्या पुढं उभं करायचे. पंधराव्या वर्षी चालता चालता पावलातलं हाड गेलं. पडले नाही, धडपडले नाही. मोडलं." त्या पायाकडं बघून म्हणाल्या, "सैल पोरगी जोर न लावता मोडते, घट्ट पोरगी जोर लावून मोडते."

मुकादम आठवला. त्याच्याशी बोलणं टाकलं होतं म्हणून, नाहीतर मनातल्या मनात त्याला हाक मारली असती.

"टीचर," मी म्हणालो, "हिला जरा जिना उतरायला सांगा."

रिद्धीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी आरशाकडं तोंड फिरवलं. तिथंही तीच दिसली. मग मान ताठ करून ती जिन्यापाशी गेली आणि सरळ तोंडानं उतरायला लागली. दोन पायऱ्या उतरली. तिसरीला कठडा धरला आणि तिथंच बसली.

टीचर तिच्या शेजारी पायरीवर बसल्या, गुडघा दोन्ही हातांत घेतला. "कधीपासून?" रिद्धीनं गुडघा मागं ओढला. "सूज आहे. मला का नाही सांगितलंस?" ती कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिली. "या अल्ला, काय जिद्द! कुणावर गेली ही?"

"आईवर," मी म्हणालो.

घरी काय लावता ते त्यांनी मला विचारलं. मी अभिमानानं मिठाचा शेक सांगितला. त्या म्हणाल्या, "सुजेवर शेक नको, चाचा. बर्फ लावा. शेकानं दुखणं झोपतं आणि पोरगी त्याच्यावर नाचते." मिठाच्या घरात बर्फ! पण येताना कोलंबीवाल्याकडून बर्फ घेतला, आणि तो पिशवीत ठिबकत होता तोवर मला सगळं अंग ठिबकल्यासारखं वाटत होतं.

टीचरनी महेशला फोन करून सांगितलं, आणि पनवेलच्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं. तुटलं-फाटलं काही नव्हतं. म्हणाले, वाढीचं वय आहे, हाडं भरभर वाढतायत, स्नायू ओढले जातायत, त्यात हा पीळ. पोटभर जेवायचं, विश्रांती घ्यायची, आणि या वेळचा कार्यक्रम नाही. सूनबाईनं माझ्याकडं पाहिलं, महेशनं पाहिलं. बायकोनं रिक्षात विचारलं, "रोज संध्याकाळी हेच चाललं व्हतं का?" मी म्हणालो, शपथ होती. "मग टीचरला कसं कळलं?" टीचर शपथेत नव्हती, मी म्हणालो. त्यांच्यासमोर तोंडातून गुडघा हा शब्द काढला नव्हता, फक्त जिना दाखवला. बायको एवढी हसली की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. "चिखल तुडवत कशाला बसला? वकील व्हायचं व्हतं."

रिद्धी हसली नाही. घरी आल्यावर तिनं मला फक्त एक वाक्य ऐकवलं. "तू शब्द मोडलास."

"नाय मोडला."

"मोडलास."

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. बोलणं टाकणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. समोरच्या बाजूनं ते कसं लागतं ते मात्र पहिल्यांदा कळलं. घरात तेवढीच माणसं असतात आणि एकदम मोकळं मोकळं वाटतं, मीठ उचलून नेल्यावर आगर वाटतं तसं. ती जेवायची, भाकरी पुरी खायची, पण माझ्याकडं पाठ करून.

टीचर स्वतः घरी आल्या. खुब्याचे स्नायू बळकट करायचे व्यायाम घेऊन आल्या होत्या. कुशीवर झोपायचं, गुडघे वाकवून एकावर एक ठेवायचे, टाचा जुळलेल्या, आणि वरचा गुडघा सावकाश उघडायचा, सावकाश मिटायचा. "तिसरी उघडते ना पाण्यात, तशी," त्यांनी सांगितलं. आमच्याकडं तिसऱ्या, खाडीतले शिंपले, म्हणजे पाहुणा आला की रस्सा. त्यांच्यापासून व्यायाम निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनी रिद्धीला समोर बसवून सरळ सांगितलं, "हे केलंस तर पुढच्या वर्षी मी तुला घेते. तुझे चवडे जेवढे वळतात तेवढेच वळतील, आणि त्यातच तू छान दिसशील. नाही केलंस तर मी तुला घेणार नाही. तुझा गुडघा मला माझ्या हातानं मोडायचा नाहीये."

त्या गेल्या आणि रिद्धीनं व्यायामासाठी अंथरलेली सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात फेकली. "हे म्हाताऱ्यांचे व्यायाम आहेत. असं ओट्यावर पडून पाय हलवायचे? सगळा रस्ता बघणार. मी नाही करणार. मला नाचायचंच नाही आता."

सूनबाईनं समजावलं. महेशनं नवीन मोबाईलचं आमिष दाखवलं. बायको म्हणाली, "नको नाचू, बाय, बरंच झालं." त्यावर पोरगी अशी रडली की बायकोलाही कळलं आपण काय बोललो ते. मी कोपऱ्यातल्या त्या सतरंजीकडं बघत होतो. माझ्या ओळखीतलं सगळ्यात घट्ट माणूस त्या घरात रडत होतं आणि तिला सोडवायला माझ्याकडं शब्द नव्हता. शब्दाची किंमत तर संपलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या मी ती सतरंजी उचलली आणि ओट्यावर, रस्त्याच्या बाजूला अंथरली. धोतर काढून महेशची हाफ पँट चढवली. कुशीवर झालो, गुडघे एकावर एक ठेवले, टाचा जुळवल्या आणि वरचा गुडघा उघडला. तो बोटभर उघडला आणि कुरकुरला. मिटला. परत उघडला. कोळीण टोपली घेऊन चालली होती, ती थबकली. "दादा, पडलाव का काय?"

"नाय गो. तिसरी झालोय."

"सक्काळी सक्काळी?" ती टोपली सावरत हसत गेली आणि पुढच्या घरी जाऊन सांगून आली असणार, कारण मग दोघं-तिघं उगाचच या रस्त्यानं गेले. दूधवाल्यानं सायकलवरूनच हात जोडले. मी उघडत होतो, मिटत होतो. घाम आला. आतून बायकोचा आवाज: "अवो, लाज?" मी गुडघा परत उघडला.

मग पाठीमागं दार वाजलं. सतरंजी थोडी ओढली गेली, आणि माझ्या पाठीला पाठ लावून एक रुंद, घट्ट अंग आडवं झालं.

"आजा, तुझी कंबर मागं पडतेय. चुकीचं करतोयस."

मी कंबर सरळ केली.